दारावरून गेलो, नमस्कार

इरण्णा बगले कुणाचीही प्रोफाइल चोरून बघत नसत.

नोकरी-धंद्यातल्या लोकांची एक साइट असते. तुम्हीही कदाचित तिच्यावर असाल. तिथं माणूस आपलं पद, कंपनी, शाळा-कॉलेज आणि हाताची घडी घातलेला फोटो लावून ठेवतो आणि कुणीतरी येऊन आपल्याला मोठी नोकरी देईल म्हणून वाट बघतो. आमच्यासारखे विक्रीवाले त्याच साइटवर गिऱ्हाइकं शोधत फिरतात. तुम्ही कुणाचं पान उघडलंत की साइट त्या माणसाकडे चहाडी करते : अमुक अमुक यांनी तुमची प्रोफाइल पाहिली. बाकीचे विक्रीवाले या चहाडीकडे दुर्लक्ष करून पुढच्या पानावर जातात. इरण्णांना ते जमत नसे. बघायचं आणि काही न बोलता निघून जायचं, हे त्यांच्या लेखी कुणाच्या खिडकीतून आत डोकावून पळून जाण्यातलं होतं. म्हणून उघडलेल्या प्रत्येक पानाच्या मालकाला ते दोन बोटांनी टाइप करून एक ओळ पाठवत.

'आपल्या दारावरून गेलो. नमस्कार. इरण्णा, टॉवेलवाले, सोलापूर.'

बस. ना दर, ना कॅटलॉग, ना फोन नंबर. समोरचा मराठी नसला तर हीच ओळ हिंदीत जायची. गोव्यातल्या हॉटेलचा मॅनेजर असो, चंडीगढचा असो, नाहीतर दुबईचा असो, इरण्णा त्याच्या दारावरून गेलेले असत आणि त्याला ते कळवलेलं असे.

ती ओळ वाचून मला तेव्हा लाज वाटायची. आजही वाटते, पण आता ती माझी स्वतःची वाटते. या माणसाचं जगात एकच माणूस होतं, बेंगळुरूला राहणारी मुलगी, महानंदा. ती त्यांच्याशी बोलत नाही हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. का बोलत नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि जे काही थोडंफार त्या बापलेकीत शिल्लक होतं, ते मी एका दुपारी एक बटण दाबून बंद केलं. मुद्दाम केलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे.

पण आधी इरण्णा कोण ते सांगतो.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मी मूळचा नातेपुत्याचा, पुण्याला एमबीए केलेला. शेठनी मला 'ऑनलाइन' बघायला घेतलं आणि पहिल्याच दिवशी माझ्या शेजारच्या खुर्चीवर इरण्णांना आणून बसवलं. "हे आमचे सगळ्यात जुने सेल्समन. गुडघ्यांनी फिरती थांबवली. यांना तुझं ते कॉम्प्युटरवरचं शिकव," शेठ म्हणाले. इरण्णा तेव्हा साठी ओलांडलेले. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि खांद्यावर टॉवेल. तो टॉवेल आमच्याच कारखान्यातला, काठाला एक धागा चुकलेला. "चांगला माल गिऱ्हाइकाला. चुकलेला आपल्याला," असं त्यांचं म्हणणं. बसण्याआधी त्यांनी त्या टॉवेलनं खुर्ची पुसली, टेबल पुसलं, मॉनिटर पुसला, आणि माझ्याही मॉनिटरवरून हात फिरवला.

"साहेब, शिकवा की," ते म्हणाले. माझ्या वडिलांपेक्षा मोठा माणूस मला साहेब म्हणतो, हे मला त्या दिवशी आवडलं होतं.

प्रोफाइल बनवण्यापासून सुरुवात झाली. माझ्या नावाखाली 'ग्रोथ स्ट्रॅटेजिस्ट' असं लिहिलेलं होतं. इरण्णांनी विचारलं, "ह्ये काय असतंय?" मी पाच मिनिटं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे इक्रीच की." त्यांनी स्वतःच्या नावाखाली काय लिहायचं यावर दोन दिवस विचार केला. शेवटी लिहिलं, 'टॉवेल. एकोणचाळीस वर्षं.' फोटोसाठी बाळीवेशीतल्या स्टुडिओत जाऊन आले. फोटोत ते हात जोडून उभे आहेत, दुकानात गिऱ्हाईक आल्यावर उभं राहावं तसे.

मग मी त्यांना शोधायला शिकवलं. वर चौकटीत पद टाकायचं, शहर निवडायचं, उद्योग निवडायचा. मी टाकलं : परचेस मॅनेजर, हॉटेल, गोवा. नावांचा ढीग पडला. मी त्या ढिगाला एकच इंग्रजी मेसेज पाठवून हात झटकले. ही माझी पद्धत होती. तिला आमच्या पुस्तकात मोठं नाव आहे. उत्तर एकाचंही आलं नाही.

इरण्णा माझ्या खांद्यावरून बघत होते.

"साहेब, टॉवेल इकत कोण घेतंय ते कशाला हुडकताय? टॉवेल कुणाच्या डोक्याला ताप हाय ते हुडका की."

"म्हणजे?"

"खरेदीवाला एकदा सही करतोय आन मोकळा होतोय. धुताना टॉवेल फाटला, रंग गेला, पाव्हणा वरडला, तर शिव्या कोण खातंय?"

ते हाउसकीपिंगच्या प्रमुखांना आणि लाँड्रीवाल्यांना शोधायला लागले. अशा माणसांना त्या साइटवर कुणी विचारत नाही. त्यांच्या दारात विक्रीवाल्यांची रांग नसते. त्यांना कुणीतरी 'दारावरून गेलो, नमस्कार' म्हटल्यावर पाचातले दोन उलट नमस्कार करत. नमस्कार आला की इरण्णा दुसरी ओळ पाठवत : 'तुमच्याकडं टॉवेल आधी कुठं फाटतो? काठाला की मधी?' आता या प्रश्नाचं उत्तर जगातल्या कुठल्याही लाँड्रीवाल्याला येतं आणि ते द्यायची त्याची वर्षानुवर्षांची इच्छा असते. लांबलचक उत्तरं यायची. ती उत्तरं इरण्णा मालाला लावायच्या लेबलांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून काढत आणि लेबलं दोऱ्यात ओवून खुंटीला लटकवत. मी त्यांना एक्सेल शिकवायचा प्रयत्न केला. त्यांनी एक्सेल बघितलं आणि म्हणाले, "चांगलं हाय. पण माणूस बारीक दिसतोय ह्येच्यात."

प्रोफाइल ते पत्रिका वाचावी तशी वाचत. माणूस कुठं शिकला, कुणाच्या हाताखाली राबला, किती दिवसांत नोकरी सोडली. "ह्यो तीन ठिकाणी टिकला न्हाय, हितंबी टिकणार न्हाय. ह्येला नुसता नमस्कार." सोलापूरच्या शाळा-कॉलेजांची नावं टाकून ते परमुलखात गेलेले आपले लोक हुडकत. जुन्या सर्टिफिकेटवर सोलापूरच्या इंग्रजी नावात एक जादा एच असायचा, तोही ते टाकून बघत. त्यातून म्हातारे आणि मोठ्या हुद्द्यावर पोचलेले सोलापूरकर बाहेर पडत. मस्कतच्या एका हॉटेलचे जनरल मॅनेजर असे सापडले. त्यांच्याशी टॉवेलचा विषय निघायला तीन आठवडे लागले. त्याआधी शेंगाची चटणी झाली, कडक भाकरी झाली, सिद्धेश्वराच्या जत्रेतल्या मानाच्या काठ्या झाल्या. "माणूस बघा, मग माल दाखवा," हे इरण्णांचं दिवसातून दहादा म्हणायचं वाक्य. वर "नोड्री" जोडायचे. कानडीत 'बघा बरं'.

त्यांची सगळ्यात जालीम युक्ती वेगळीच होती. साइट एक गोष्ट सांगते : गेल्या तीन महिन्यांत कुणी नोकरी बदलली. इरण्णा ती यादी आधी उघडत. "नवी सून घरात आली की पयल्या म्हयन्यात डबे बदलतीय. सासूचं राज हाय तवर जुनेच डबे. नव्या जाग्यावर आलेला माणूस जुना पुरवठादार हमखास बदलतोय. त्याला काय तरी करून दाखवायचं असतंय." मी तीच गोष्ट पुण्याला फी भरून शिकलो होतो, पण सुनेशिवाय. युक्ती लागू पडली. दोन हॉटेलं आणि एक मोठं हॉस्पिटल आमचं गिऱ्हाईक झालं. मी शेठना रिपोर्ट दिला. रिपोर्टमध्ये 'आमच्या टीमने' असं लिहिलं. टीम म्हणजे मी, असं वाचणाऱ्याला वाटेल इतपत काळजी घेतली.

इरण्णांचं मात्र मी तोंडावर कौतुक केलं. "ही नव्या नोकरीवाली युक्ती भारी आहे हं, इरण्णा."

ते टॉवेलनं की-बोर्ड पुसत म्हणाले, "लागू पडतीय. पण घरात वापरू न्हाय."

मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी.

'दारावरून गेलो' या ओळीची सवय त्यांना कुठून लागली हे त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. तरुणपणी ते गठ्ठा घेऊन एसटीनं फिरत. विजापूर, हुबळी, लातूर, बिदर. बाजारपेठेत दहा दुकानं असली तर माल दोघांकडंच द्यायचा असे. पण बाकीच्या आठांच्या दारावरून मुकाट्यानं जायचं नाही. उभं राहायचं, हात वर करायचा, "शेठ, दारावरून चाललोय हो," म्हणायचं. "आज त्यो घेणार नसतोय. पण दारावरून गेला आन हाक मारली न्हाय, ह्ये त्यो दहा वर्सं इसरत न्हाय." कंपनीच्या पुस्तकात एखादा माणूस 'लीड' असतो. इरण्णांच्या पुस्तकात त्याला दार होतं.

आणि सोमवार. सोमवारी ते सगळ्यांच्या आधी यायचे. विभूतीचे पट्टे जरा जास्त ठसठशीत, सदरा कोरा. मी कधी लवकर आलो तर ते कॉम्प्युटरसमोर हात मांडीवर ठेवून गप्प बसलेले दिसायचे. मी आलो की पान बंद करायचे. अकरा-साडेअकराला त्या साइटच्या सूचनांच्या घंटीवर एकदा क्लिक करायचे, बघायचे, टॉवेलची नीट घडी घालून परत खांद्यावर टाकायचे आणि म्हणायचे, "चला, कामाला लागू." मला वाटायचं आठवड्याची यादी बघत असतील. एकदा मी म्हटलं, "मुलीचं प्रोफाइल दाखवा की. तीही असेलच इथं." ते म्हणाले, "कामाच्या टायमाला घरचं नको, साहेब."

आता ती दुपार.

हैदराबादच्या एका मोठ्या हॉटेल-साखळीच्या खरेदीप्रमुख बाईंच्या मागं मी पाच महिने होतो. त्यांच्या प्रत्येक पोस्टला मी 'अप्रतिम विचार' म्हणत होतो. त्यांच्या पदोन्नतीला अभिनंदन केलं, त्यांच्या कुत्र्याच्या वाढदिवसालाही केलं. शेवटी त्यांनी 'कॅटलॉग पाठवा' एवढं लिहिलं आणि मी त्या आनंदात घरी पेढे नेले. दुसऱ्या दिवशी इरण्णा शोधता शोधता त्यांच्या पानावर पोचले. बाई ना लाँड्रीवाल्या, ना सोलापूरच्या. पण पान उघडलं गेलं होतं. इरण्णांनी नियमाप्रमाणे हिंदीत कळवलं की मी आपल्या दारावरून गेलो.

बाई घाबरल्या. एकट्या राहत होत्या. त्यांनी सरळ कंपनीच्या मेलवर लिहिलं : हा माणूस कोण, हा माझ्या कुठल्या दारावरून गेला, आणि माझा पत्ता याला कुणी दिला?

मेल शेठकडं गेला, शेठनी मला बोलावलं. शेठनी मेल दोनदा वाचला आणि पोट धरून हसले. "अरे, आमचे आजोबा हातमागावरून उठून निघाले की गल्लीभर असंच सांगत जायचे. बाईंना फोन कर, समजावून सांग, माफी माग. आणि इरण्णांना काही बोलू नकोस, वाईट वाटेल त्यांना."

मी बाईंना फोन केला. माफी मागितली. फोनवर मी काय म्हणालो ते मला आठवतंय. मी म्हणालो, "मॅडम, जुना माणूस आहे, जरा डोक्यानं कमी आहे. आम्ही दयेपोटी ठेवलाय."

इरण्णा जेवायला पॅकिंगच्या बायकांकडं गेले होते. त्यांचं खातं समोर उघडं होतं. मी त्यांच्या खुर्चीत बसलो. सेटिंगमध्ये एक सोय असते. तुम्ही कुणाचं पान बघितलं तर तुमचं नाव दिसू द्यायचं की झाकून ठेवायचं. मी झाकून टाकलं. आता हा माणूस कुणाच्याही दारावरून गेला तरी कुणाला कळणार नव्हतं. खाली बारीक अक्षरांत काहीतरी सूचना होती. ती मी वाचली नाही. आम्ही शिकलेले लोक बारीक अक्षरं दुसऱ्यांसाठी लिहितो, स्वतः वाचत नाही.

ते परत आल्यावर मी म्हटलं, "इरण्णा, शेठ फार चिडलेत. त्यांनी ती ओळ पाठवायची बंद करायला सांगितलंय."

शेठचं नाव मी का घेतलं? कारण माझ्या नावावर त्यांनी एखादा प्रश्न विचारला असता. शेठच्या नावावर नाही.

त्यांनी मान हलवली. टॉवेल खांद्यावरून काढला, परत ठेवला. मग अगदी हळू विचारलं, "काय पाठवायचं न्हाय, व्हय. पर नुसतं बघून आलेलं चालतंय की?"

"चालतंय की," मी म्हणालो. "खुशाल बघा."

त्यांचा चेहरा केवढा मोकळा झाला. मला वाटलं, कामाची ओढ.

पुढचे आठवडे मी निवांत होतो. इरण्णा निवांत नव्हते. दोन-तीन सोमवार गेल्यावर त्यांनी विचारलं, "साहेब, साइट बिघडलीय का? हल्ली दारावर कोण आलेलं दावतच न्हाय."

"अल्गोरिदम बदललाय," मी म्हटलं. हा शब्द मी त्याचं खरं कारण माहीत नसताना नेहमी वापरतो.

आणखी एका सोमवारी : "साहेब, समजा आपन कुणाच्या पानावर जातोय, आन त्या माणसाला नको असलं, तर त्यो आपल्याला बंद करू शकतोय का?"

"करू शकतो. ब्लॉक म्हणतात त्याला."

"केलं तर आपल्याला कळतंय का?"

"छे. कळवत नाहीत. नुसतं समोरून काही येत नाही, झालं."

"व्हय," ते म्हणाले. "बराबर हाय."

मी पुन्हा माझ्या कामाला लागलो. त्यांच्या खुंटीवरची लेबलं वाढायची थांबली. लाँड्रीवाल्यांचे नमस्कार येऊन पडले तरी ते दोन-दोन दिवस उघडत नसत. पॅकिंगच्या बायका म्हणाल्या, इरण्णा डबा तसाच परत नेतात. मी शेठना सांगितलं, वय झालं आता. हेही मीच सांगितलं.

एका गुरुवारी मला त्या साइटवर मेसेज आला. एका अनोळखी बाईंचा. मला वाटलं गिऱ्हाईक. मी खूश होऊन उघडला.

'नमस्कार. तुमच्या कंपनीचं नाव आणि सोलापूर टाकून शोधलं, पहिलं नाव तुमचं आलं म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्याकडे इरण्णा बगले आहेत. ते अजून कामावर येतात का? त्यांची तब्येत बरी आहे का? ते दर सोमवारी सकाळी माझ्या प्रोफाइलवर येऊन जातात. काही लिहीत नाहीत. मीही मग त्यांच्या प्रोफाइलवर जाऊन येते. नऊ सोमवार झाले, ते आलेले नाहीत. मी जाते आहे, पण त्यावरून ते आहेत की नाहीत हे कळत नाही. फोन करायला हवा हे मला समजतं. चार वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलायचं ते समजत नाही, आणि दुसऱ्याच कुणी फोन उचलला तर, ही भीती वाटते. मी विचारलं असं त्यांना सांगू नका. बरे आहेत एवढं कळवा. महानंदा बगले.'

मी ती नऊ सोमवारांची ओळ वाचून उठलो आणि इरण्णांच्या कॉम्प्युटरवर सेटिंग उघडलं. बारीक अक्षरं तिथंच होती. नाव झाकून बघायचं ठरवलंत, तर तुमच्या पानावर कोण येऊन गेलं हेही तुम्हाला दिसणार नाही.

म्हणजे तो दर सोमवारी सकाळी जात होता आणि ती दर सोमवारी येत होती. तिला वाटलं बाप गेला. त्याला वाटलं पोरीनं दार लावलं. आणि दोघांच्या मधला दिवा विझवून मी शेजारच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या कुत्र्यांचे वाढदिवस साजरे करत होतो. मला लाज वाटली. कान गरम होतात तशी नाही. तशी मला पुष्कळदा वाटते आणि चहा घेतला की जाते. ही गेली नाही.

मी सेटिंग पूर्ववत केलं. मागचं काही परत दिसलं नाही. महानंदाला कळवलं : बरे आहेत, चूक माझी होती. मग पॅकिंगमध्ये गेलो. इरण्णा टॉवेलची घडी कशी घालायची ते एका नव्या बाईला दाखवत होते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. बटण, बारीक अक्षरं, शेठ चिडले नव्हते ते, फोनवर हैदराबादच्या बाईंना मी त्यांच्याबद्दल काय बोललो तेही. महानंदानं विचारलं हे सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "तुमच्या दारावर येणारे तुम्हाला दिसत नव्हते, इरण्णा. येत होते ते येतच होते."

त्यांनी हातातल्या टॉवेलची घडी अर्धीच सोडली.

"म्हंजे ती येत हुती?"

मी मान हलवली.

"सगळ्या सोमवारी?"

"सगळ्या."

ते तिथल्याच एका गठ्ठ्यावर बसले. डोळे पुसले, त्याच चुकलेल्या धाग्याच्या टॉवेलनं. मग त्यांनी मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

"पोरीला बेंगळूरला हॉटेलच्या कंपनीत नोकरी लागली. खरेदी खात्यातच. पयलाच म्हयना. मला वाटलं, नवी जागा, आता डबे बदलतील. तिला न सांगता गठ्ठा घिऊन गेलो. तितल्या काउंटरवरच्या पोरीला म्हणलं, मोठ्या सायबाला सांगा, महानंदाचे वडील आलेत. सायबाच्या म्होरं टॉवेल मांडलं. ती आत आली तर मी मांडूनच बसलेलो. सायबाला वाटलं, हिनंच बोलावलं बापाला. पोरीनं लेखी खुलासा दिला साहेब, बापासाठी. नोकरी सोडली. मला स्टँडवर सोडायला आली आन म्हणली, अप्पा, तुमी मलाबी गिऱ्हाइकाच्या यादीत घातलं. परत माझ्या दारात येऊ नका."

मग ते म्हणाले, "बराबरच म्हणली. मग तुमी ही साइट शिकवली. मी तिला हुडकली. दारात येऊ नका म्हणली हुती ती. दारावरून जाऊ नका असं न्हवती म्हणली. म्हणून जात हुतो. माझी ती ओळ तिला ल्हानपणापासनं ठावी, पण तिला ती कधी पाठवली न्हाय मी. हाक मारायचा हक्क न्हवता की. नुसतं जाऊन यायचो. पयल्या सोमवारी गेलो, आन अकरा वाजता घंटीवर तिचं नाव आलं. साहेब, त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या."

मी म्हणालो, "इरण्णा, मला माफ करा."

ते उठून त्या नव्या बाईकडं गेले आणि अर्धी राहिलेली घडी घालू लागले. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि मग परत आलो. माफीचं उत्तर मिळायलाच हवं असं थोडंच आहे.

सोमवारी मी मुद्दाम लवकर गेलो. ते आधीच आलेले होते. विभूती, कोरा सदरा. त्यांनी मॉनिटर पुसला, नाव टाकलं, पान उघडलं. या वेळी मी आलो तरी बंद केलं नाही. फोटोतली मुलगी हाताची घडी न घालता उभी होती. दोन मिनिटं त्यांनी ते पान समोर ठेवलं आणि मिटवलं. मग आम्ही दोघं काम करत असल्याचं नाटक करत बसलो. दहा वाजले, साडेदहा झाले. ते घंटीकडं बघत नव्हते. मीच बघत होतो. अकराला पाच कमी असताना तिथं लाल ठिपका आला. त्यांनी लगेच क्लिक केलं नाही. आधी टॉवेलनं हात पुसले.

नाव तिचंच होतं. आज नावाखाली एक ओळही होती.

'अप्पा, दारावरून गेले. नमस्कार.'

त्यांनी ती मोठ्यानं वाचली नाही. ओठ हलले तेवढे. मग टॉवेलची घडी घातली, खांद्यावर टाकली आणि खोल आवाजात म्हणाले, "चला, कामाला लागू. हैदराबादच्या बाईंची माफी मागायची ऱ्हायलीय माझी."

"मी मागितलीय, इरण्णा."

"तुमची तुमी मागितली. माझी मी मागतो की."

दुपारी चारच्या सुमारास माझ्या फोनवर त्या साइटची सूचना आली. इरण्णा बगले यांनी तुमची प्रोफाइल पाहिली. तीन वर्षं शेजारी बसून त्यांना माझ्या पानावर यायची कधी गरज पडली नव्हती. खाली ओळ होती, दोन बोटांनी टाइप केलेली.

'आपल्या दारावरून गेलो. नमस्कार.'

त्यांची खुर्ची माझ्यापासून दोन हातांवर होती. ते इकडंच बघत असावेत. मी मान वर केली नाही.